कॉलेजच्या उंबरठ्यावरचे गणित : अमेरिकेतील पायाभूत गणिताचा ऑनलाइन अभ्यासक्रम

अमेरिकेत कॉलेजात प्रवेश मिळाला तरी पदवीचे गणित लगेच सुरू होईलच असे नाही. शाळेतले गणित कच्चे राहिले आहे असे ठरले, तर विद्यार्थ्याला आधी त्याची उजळणी करून घेणारा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्याला ‘डेव्हलपमेंटल मॅथेमॅटिक्स’ म्हणतात. मराठीत पायाभूत गणित म्हणता येईल. हा अभ्यासक्रम मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांत चालतो आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याचा मोठा भाग ऑनलाइन गेला आहे. त्यात शिकवले जाणारे गणित साधे असते. तरीही पदवीपर्यंत न पोचणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची वाट इथेच अडते. असे का होते, आणि ऑनलाइन वर्गाने ही अडचण कमी होते की वाढते, हे समजून घेण्यासाठी या अभ्यासक्रमाची रचना पाहावी लागते.

विद्यार्थी आणि अभ्यासक्रम

कम्युनिटी कॉलेजे ही प्रामुख्याने दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक महाविद्यालये आहेत. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले; आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. आता देशभरात सुमारे एक हजार कम्युनिटी कॉलेजे आहेत. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही ती सहसा प्रवेश देतात. त्यामुळे पायाभूत गणिताच्या एकाच वर्गात नुकतीच शाळा संपवलेला मुलगा, दोन मुले सांभाळून नर्सिंगकडे वळू पाहणारी आई, सैन्यातून परतलेला तरुण आणि दुसऱ्या देशातून येऊन स्थायिक झालेला कामगार असे सगळे असतात. काहींना गणित कधीच नीट शिकवले गेलेले नसते, तर काहींना ते एके काळी चांगले येत असते, पण मध्ये दहा-पंधरा वर्षांचा खंड पडलेला असतो. या दोघांची गरज वेगळी असते.

परंपरेने हा अभ्यासक्रम चार पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर अंकगणित : अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी. दुसऱ्या पायरीवर बीजगणिताची तयारी : ऋण संख्या, घातांक, क्रियांचा क्रम, साधी समीकरणे. तिसऱ्या पायरीवर प्राथमिक बीजगणित : रेषीय समीकरणे, आलेख, बहुपदी, अवयव पाडणे. चौथ्या पायरीवर मध्यम बीजगणित : परिमेय राशी, करणी, वर्गसमीकरणे, फलांची ओळख. महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमाच्या भाषेत सांगायचे तर पाचवीपासून दहावीपर्यंतचे गणित काही सत्रांत पुन्हा उलगडायचे असते.

या अभ्यासक्रमांचे श्रेयांक सहसा पदवीच्या एकूण श्रेयांकांत धरले जात नाहीत. फी मात्र पूर्ण भरावी लागते. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्यासाठी वापरता येते, पण अशा पूर्वतयारीच्या अभ्यासासाठी साधारण एका शैक्षणिक वर्षाची, म्हणजे सत्रपद्धतीत ३० श्रेयांकांची, मर्यादा आहे. म्हणून पायाभूत गणितात वाया गेलेले प्रत्येक सत्र वेळ, पैसा आणि भविष्यातली मदत या तिन्ही बाजूंनी महाग पडते.

कोणत्या पायरीवर बसायचे

विद्यार्थी कोणत्या पायरीपासून सुरुवात करणार हे दीर्घकाळ एका संगणकीय चाचणीवर ठरत असे. कॉलेज बोर्डाची ‘अ‍ॅक्युप्लेसर’ आणि एसीटी संस्थेची ‘कंपास’ या त्यातल्या दोन प्रमुख चाचण्या. पुष्कळ विद्यार्थी या चाचणीला काहीही तयारी न करता बसत. तिच्या निकालाने पुढचे दीड-दोन वर्षांचे वेळापत्रक ठरते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसे.

या पद्धतीतील दोष संशोधनातून स्पष्ट झाले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर हे या विषयावरील महत्त्वाचे संशोधन केंद्र आहे. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताची चाचणी दिलेल्या सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना फारच चुकीच्या पायरीवर बसवले गेल्याचे आढळले. झेपेल त्यापेक्षा खालच्या वर्गात ढकलले गेलेले विद्यार्थी त्यात अधिक होते. शाळेतील चार वर्षांचे सरासरी गुण विचारात घेतले, तर अशा चुका कमी होतात असेही दिसले. एका दिवसाच्या चाचणीत न दिसणारी चिकाटी आणि नियमितपणा त्या सरासरीत दिसतात, हे त्यामागचे सरळ कारण. कंपास चाचणी २०१६ मध्ये बंद झाली. आता अनेक कॉलेजे शालेय गुण, चाचणी आणि विद्यार्थ्याने निवडलेली शाखा यांचा एकत्र विचार करतात.

गळती कुठे होते

थॉमस बेली, डाँग वूक जाँग आणि संग-वू चो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात वारंवार आधारासाठी घेतला जातो. सात राज्यांतील ५७ कॉलेजांतील अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी तपासली. पायाभूत गणिताकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्केच विद्यार्थी आपल्याला नेमून दिलेल्या वर्गांची पूर्ण शृंखला पार करू शकले होते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की नापास होऊन किंवा मध्येच वर्ग सोडून गळलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न नोंदवल्यामुळे गळलेले विद्यार्थी जास्त होते.

यामागचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने समजते. समजा, तीन वर्गांची शृंखला आहे आणि प्रत्येक वर्गात ७० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात. १०० जणांपैकी पहिल्या वर्गातून ७०, दुसऱ्यातून ४९ आणि तिसऱ्यातून ३४ जण बाहेर पडतील. आता उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८० टक्केच पुढच्या सत्रात नाव नोंदवतात असे धरले, तर ७० पैकी ५६ जण दुसऱ्या वर्गात बसतील, ३९ उत्तीर्ण होतील, ३१ जण तिसऱ्या वर्गात बसतील आणि शेवटी २२ उरतील. प्रत्येक टप्प्यावरचा निकाल सुमार नसतानाही शंभरातले अठ्ठ्याहत्तर गळतात. दोन वर्गांमधल्या प्रत्येक सांध्यावर नोकरीची वेळ बदलणे, घरातले आजारपण, पैशांची तंगी यांना विद्यार्थ्याला बाहेर ओढायची संधी मिळते. म्हणून या विषयातील सुधारणांचा विचार ‘कसे शिकवावे’ याइतकाच ‘किती सांधे ठेवावेत’ याभोवती फिरत राहिला आहे.

ऑनलाइन वर्गाचे प्रकार

ऑनलाइन पायाभूत गणित म्हणजे एकच एक रचना नाही. पहिल्या प्रकारात ठरलेल्या वेळी सर्वांनी हजर राहण्याची गरज नसते. व्हिडिओ, वाचन आणि गृहपाठ कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड किंवा ब्राइटस्पेससारख्या व्यवस्थेत ठेवलेले असतात. विद्यार्थी आपल्या सोयीने ते पाहतो, मात्र आठवड्याची अंतिम मुदत पाळावी लागते. दुसऱ्या प्रकारात ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी झूमवर थेट तास होतो. तिसरा प्रकार मिश्र : काही तास कॉलेजात, बाकी घरून.

चौथा प्रकार या तिन्हींहून वेगळा, पण त्यांच्याशी नाते सांगणारा आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १९९७ मध्ये ब्लॅक्सबर्गमधील एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत काहीशे संगणक बसवून ‘मॅथ एम्पोरियम’ सुरू केले. तिथे व्याख्यान नसते. विद्यार्थी संगणकावर आपापल्या गतीने शिकतात आणि अडले की मदतीला शिक्षक व मार्गदर्शक हजर असतात. नंतर टेनेसीसह अनेक राज्यांतील कॉलेजांनी पायाभूत गणितासाठी ही पद्धत स्वीकारली. व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१२ मध्ये संपूर्ण पायाभूत गणिताचे एकेका श्रेयांकाचे नऊ छोटे घटक केले, म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या शाखेला लागणारे घटकच घेता यावेत. तुकडे लहान झाले, पण सांधे वाढले आणि गळतीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

आज्ञावली काय करते

बहुतेक ऑनलाइन वर्गांचा कणा म्हणजे गृहपाठाची आज्ञावली. पिअर्सनची मायलॅब मॅथ, मॅग्रॉ हिलची ‘अ‍ॅलेक्स’ आणि हॉक्स लर्निंग या विकत घ्याव्या लागणाऱ्या व्यवस्था आहेत. त्यांच्या प्रवेशसंकेताला पैसे पडतात आणि तो सत्राच्या पहिल्या दिवशी हातात नसेल, तर विद्यार्थी सुरुवातीलाच मागे पडतो. या खर्चाला पर्यायही उभे राहिले आहेत. वॉशिंग्टन राज्यातील पिअर्स कॉलेजचे प्राध्यापक डेव्हिड लिपमन यांनी तयार केलेल्या मुक्त आज्ञावलीवर चालणारे ‘मायओपनमॅथ’ मोफत आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ उपक्रमाची बीजगणितपूर्व गणित, प्राथमिक बीजगणित आणि मध्यम बीजगणित ही पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

अ‍ॅलेक्सची रचना विशेष जाणून घेण्यासारखी आहे. ज्याँ-पॉल द्वान्यों आणि ज्याँ-क्लोद फालमान्य या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ‘ज्ञानअवकाश’ या सिद्धान्तावर ती उभी आहे. एखादा विषय शेकडो लहान कौशल्यांत विभागला, तर त्यांतली काही कौशल्ये इतरांवर अवलंबून असतात, हे या सिद्धान्ताचे सूत्र. अपूर्णांक असलेले समीकरण अचूक सोडवणाऱ्याला अपूर्णांकांची बेरीज येत असणार, असे अनुमान काढता येते. त्यामुळे वीस-तीस प्रश्नांतून शेकडो कौशल्यांविषयी अंदाज बांधता येतो. विद्यार्थ्याला काय येते, काय येत नाही आणि आता कोणता धडा घेण्याची त्याची तयारी झाली आहे, हे आज्ञावली वर्तुळाकार आलेखात दाखवते. ठरावीक काळाने ती पुन्हा तपासणी घेते आणि विसरलेले धडे परत यादीत टाकते. विद्यार्थ्याला हे मागे गेल्यासारखे वाटते, पण विसरलेले पुन्हा आठवून काढणे हा शिकण्याचाच भाग आहे.

आज्ञावलीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे तत्काळ प्रतिसाद. कागदी गृहपाठात एकच चूक वीस उदाहरणांत होऊन आठवड्याने कळते. इथे ती पहिल्याच उदाहरणात कळते. प्रत्येकाला वेगळ्या संख्या मिळतात आणि तेच उदाहरण हवे तितक्या वेळा नव्याने करता येते. मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. आज्ञावली बहुधा अंतिम उत्तर तपासते, विचाराची पद्धत नाही. शिवाय उत्तर टंकलिखित करण्याची एक वेगळीच भाषा शिकावी लागते. कागदावर अंशस्थानी क्ष + १ आणि छेदस्थानी क्ष − २ लिहिलेली राशी कंसांशिवाय क्ष + १/क्ष − २ अशी टाकली, तर संगणक ती क्ष, अधिक क्षचा व्यस्त, वजा २ अशी वाचतो. क्षची किंमत ३ घेतली तर मूळ राशीचे उत्तर ४ येते, आणि चुकून टाकलेल्या राशीचे ४/३. गणित बरोबर असूनही उत्तर चूक ठरते आणि आधीच धास्तावलेला विद्यार्थी आपल्याला विषयच येत नाही अशी समजूत करून घेतो. म्हणून चांगले शिक्षक पहिला आठवडा उत्तर कसे टाकावे याच्या सरावासाठी राखून ठेवतात.

आणखी एक सापळा मदतीच्या बटणांत असतो. ‘असेच उदाहरण दाखवा’ हे बटण दाबून शेजारी उघडलेल्या पायऱ्यांत फक्त संख्या बदलत गेले, की गृहपाठात नव्वद टक्के मिळतात. परीक्षेत ते बटण नसते. गृहपाठ आणि परीक्षा यांच्या गुणांतील मोठी तफावत हे बहुतेक वेळा याच सवयीचे लक्षण असते.

संशोधन काय सांगते

दी शू आणि शॅना स्मिथ जॅगर्स या संशोधकांनी वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी व तांत्रिक कॉलेजांतील चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या सुमारे पाच लाख अभ्यासक्रमांची माहिती तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार प्रत्यक्ष वर्गाच्या तुलनेत ऑनलाइन वर्गात टिकून राहण्याचे प्रमाण आणि मिळालेले गुण, दोन्ही कमी होते. ही घट सर्वांत सारखी नव्हती. पुरुष, तरुण, कृष्णवर्णीय आणि आधीचे गुण कमी असलेले विद्यार्थी यांच्यात ती अधिक होती. वयाने मोठे विद्यार्थी ऑनलाइन पद्धतीशी तुलनेने चांगले जुळवून घेताना दिसले.

हा अभ्यास सर्व विषयांचा होता, पण पायाभूत गणिताच्या बाबतीत त्याचा अर्थ गंभीर आहे. आधीचे गुण कमी असणे हीच तर या वर्गात येण्याची वाट. म्हणजे ज्यांना ऑनलाइन वर्ग सर्वांत अवघड जातो, त्यांचेच प्रमाण इथे सर्वांत जास्त असते. त्याच वेळी नोकरी, मुले आणि लांबचा प्रवास यांमुळे ज्यांना ऑनलाइन वर्गाशिवाय पर्याय नसतो, तेही हेच विद्यार्थी असतात. त्यामुळे ‘ऑनलाइन बंद करा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

याच दोघींच्या २०१६ मधील आणखी एका अभ्यासातून उत्तराची दिशा मिळते. ऑनलाइन वर्गाच्या रचनेतील चार बाबी त्यांनी तपासल्या : मांडणी, उद्दिष्टांची स्पष्टता, तंत्रज्ञानाचा वापर आणि माणसांमधील संवाद. यांपैकी संवादाचा दर्जा ही एकच बाब विद्यार्थ्यांच्या गुणांशी ठोसपणे निगडित आढळली.

शिक्षकाचे काम

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांतही हाच मुद्दा आहे. सरकारी शैक्षणिक मदतीस पात्र ठरण्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित आणि अर्थपूर्ण संवाद असावा लागतो. असा संवाद नसेल तर तो अभ्यासक्रम ‘पत्राद्वारे शिक्षण’ या वेगळ्या प्रकारात मोडतो. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत थेट शिकवणे, कामावर अभिप्राय देणे, शंकांना उत्तर देणे, गटचर्चा घडवून आणणे असे या संवादाचे प्रकार स्पष्ट केले आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा, की आज्ञावली उदाहरणे तपासत असताना शिक्षकाने माणसे पाहायची असतात. कोण चार दिवसांत आत आलेला नाही, कोण एकाच धड्यावर तीन तास अडला आहे, कोणाची उत्तरे रात्री दोन वाजता येतात, ही माहिती शिक्षकाला आज्ञावलीतूनच मिळते. पहिला गृहपाठ चुकलेल्या विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात नावाने लिहिलेला संदेश किंवा फोन गेला, तर त्याला परत आणणे शक्य असते. मध्यसत्रानंतर ते फार अवघड होते. अनेक शिक्षक आठवड्याला एकदा हाताने सोडवलेल्या दोन-तीन उदाहरणांचे फोटो मागवतात. आज्ञावलीला न दिसणारी विचाराची पद्धत त्यात दिसते आणि चूक नेमकी कुठे होते हे सांगता येते.

अभ्यास कसा करावा

पहिला प्रश्न वेळेचा. एका श्रेयांकामागे आठवड्याला एक तास शिकवणे आणि दोन तास स्वाध्याय हा अमेरिकी कॉलेजांचा रूढ हिशेब आहे. तीन श्रेयांकांच्या वर्गाला १६ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ९ तास, म्हणजे एकूण १४४ तास लागतात. तोच वर्ग ८ आठवड्यांचा असेल तर आठवड्याला १८ तास आणि उन्हाळ्यातील ६ आठवड्यांचा असेल तर २४ तास द्यावे लागतात. ‘ऑनलाइन आहे, म्हणजे वेळ कमी लागेल’ ही समजूत घेऊन उन्हाळी वर्गात नाव घालणारा पूर्णवेळ नोकरदार पहिल्याच पंधरवड्यात अडचणीत येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वही आणि पेन्सिल. पडद्यावर पाहून तोंडी किंवा मनात केलेले बीजगणित टिकत नाही. प्रत्येक उदाहरण वहीत पायरीपायरीने लिहून मग उत्तर टाकणाऱ्याला चूक झाली की मागे जाऊन पायरी शोधता येते.

सराव कसा करावा याविषयी संशोधन बऱ्यापैकी ठाम आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच प्रयोग करून दाखवले, की नव्या धड्याच्या सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणे लक्षपूर्वक अभ्यासणे हे लगेच स्वतः धडपडण्यापेक्षा फायद्याचे ठरते. प्राथमिक ओळख झाल्यावर मात्र वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून करावीत. फ्लोरिडातील डग रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत घेतलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मिसळून सराव केलेल्या मुलांना पुढे न सांगता घेतलेल्या परीक्षेत सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, तर एका प्रकारची उदाहरणे सलग केलेल्यांना ३८ टक्के. कारण सरळ आहे : परीक्षेत उदाहरणावर ‘अवयव पाडून सोडवा’ असे लिहिलेले नसते, कोणती रीत लावायची ते ओळखणे हेच अर्धे काम असते. ऑनलाइन गृहपाठ मात्र बहुधा एकेका रीतीचे असतात. म्हणून विद्यार्थ्याने दर आठवड्याला मागच्या तीन-चार धड्यांतून दोन-दोन उदाहरणे काढून स्वतःच मिश्र संच करावा.

शेजारी कोणी पाहणारे नसल्यामुळे ऑनलाइन विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतः पकडता यावी लागते. त्यासाठी संख्या घालून तपासणे हे सोपे साधन आहे. या वर्गात वारंवार होणाऱ्या काही चुका त्याने लगेच उघड्या पडतात.

(क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ असे अनेक जण लिहितात. क्ष = १ घेतले तर डाव्या बाजूला १६ येतात आणि उजव्या बाजूला १०. मधले ६क्ष हे पद सुटलेले असते.

(क्ष + ५)/५ यातील दोन्ही पाच खोडून क्ष उत्तर लिहिणे ही दुसरी चूक. क्ष = १० घेतले तर खरे उत्तर ३ आहे, खोडून मिळालेले १०. काटाकाट गुणाकाराच्या अवयवांची होते, बेरजेतील पदांची नाही.

१/२ + १/३ = २/५ ही तिसरी. अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी येऊच शकत नाही, एवढा विचारही ही चूक पकडायला पुरतो.

−३² आणि (−३)² यांतील फरक ही चौथी. पहिल्याचे उत्तर −९, दुसऱ्याचे ९. गणकयंत्रात कंस न घालता ऋण संख्येचा वर्ग करणारे इथे नेहमी फसतात.

ही सवय लागली, की विद्यार्थी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा हिरवा-लाल शिक्का मिळण्याआधीच आपल्या उत्तराबद्दल काही खात्रीने बोलू शकतो. गणिताची भीती कमी होण्याची सुरुवात तिथूनच होते.

परीक्षा आणि प्रामाणिकपणा

काही कॉलेजे परीक्षेसाठी विद्यार्थ्याला जवळच्या चाचणी केंद्रात बोलावतात. इतर ठिकाणी इतर खिडक्या बंद ठेवणारा ब्राउझर किंवा कॅमेऱ्यातून नजर ठेवणारी सेवा वापरली जाते. अशा नजरेवर खाजगीपणाचे आक्षेप आहेत. परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने चित्रण करून घेणे, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग करते, असा निर्णय ओहायोतील केंद्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये एका सरकारी विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात दिला.

फोनच्या कॅमेऱ्यासमोर उदाहरण धरले की पायऱ्यांसह उत्तर देणारी साधने आता प्रत्येकाच्या हातात आहेत. पायाभूत गणितातील जवळजवळ कोणतेही उदाहरण ती सोडवतात. यात विद्यार्थ्याचे नुकसान तत्काळ दिसत नाही, पुढच्या वर्गात दिसते. कारण या अभ्यासक्रमाला स्वतःची अशी किंमत फार थोडी आहे, त्याचे सगळे मोल पुढच्या गणितासाठी तयार होण्यात आहे. म्हणून आता अनेक शिक्षक थोड्या गुणांच्या वारंवार चाचण्या, दोन मिनिटांचे तोंडी स्पष्टीकरण, किंवा चुकीचे सोडवलेले उदाहरण देऊन चूक शोधायला सांगणे अशा मार्गांकडे वळत आहेत.

शृंखला तोडण्याचे प्रयत्न

गळती सांध्यांवर होते हे लक्षात आल्यावर सांधेच काढून टाकण्याची चळवळ सुरू झाली. तिची दोन अंगे आहेत. पहिले म्हणजे विद्यार्थ्याला थेट पदवीच्या गणितात बसवून त्याच सत्रात जोडीने आधारवर्ग देणे. टेनेसीच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१५ मध्ये ही सहवर्गाची पद्धत राज्यभर लागू केली आणि पहिल्या वर्षात पदवीचे गणित पार करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. टेक्ससने २०१७ च्या कायद्याने तीच दिशा धरली. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने शालेय गुणांना प्राधान्य देऊन पूर्वतयारीच्या वर्गांत पाठवण्यावर कडक मर्यादा घातली. २०२२ च्या एबी १७०५ ने ती आणखी आवळली. फ्लोरिडात २०१३ च्या कायद्यानंतर राज्यातील सरकारी शाळांतून आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे वर्ग ऐच्छिक झाले.

दुसरे अंग म्हणजे शाखेनुसार गणित. समाजकार्य किंवा नर्सिंग शिकणाऱ्याला करणींपेक्षा संख्याशास्त्र उपयोगी पडते. कार्नेगी फाउंडेशनचे ‘स्टॅटवे’ आणि टेक्सस विद्यापीठातील डेना सेंटरचे गणितमार्ग याच विचारातून आले. न्यू यॉर्क शहराच्या विद्यापीठात अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. प्राथमिक बीजगणिताकडे पाठवण्यात आलेल्या ९०७ विद्यार्थ्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागले गेले. पारंपरिक बीजगणिताच्या वर्गात ३९ टक्के, बीजगणितासोबत आधारवर्ग घेणाऱ्यांत ४५ टक्के, आणि थेट पदवीच्या संख्याशास्त्रात आधारवर्गासह बसलेल्यांत ५६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. ज्यांना खालच्या वर्गातच बसायला हवे असे मानले होते, त्यांनी वरच्या वर्गात अधिक चांगले यश मिळवले.

या बदलांमुळे स्वतंत्र पायाभूत वर्ग अनेक राज्यांत कमी झाले आहेत. ऑनलाइन पद्धत मात्र आधारवर्गाच्या रूपाने टिकून आहे : पदवीचा धडा मंगळवारी, त्याला लागणारे अपूर्णांक किंवा समीकरणे सोमवारी ऑनलाइन. उजळणी नेमकी गरजेच्या वेळी आल्याने ती का करायची हे विद्यार्थ्याला विचारावे लागत नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी

भारतातून अमेरिकेत येणाऱ्यांचाही या वर्गांशी संबंध येतो. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, किंवा तीन श्रेयांक, धरता येतात. त्यामुळे गणित ऑनलाइन घेतले की त्या सत्रातील ही सवलत संपते. एच-४ सारख्या अवलंबितांच्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तींना शिक्षण घेण्याची मुभा आहे, आणि शिक्षणाकडे परतण्याची स्वस्त वाट म्हणून कम्युनिटी कॉलेज त्यांना उपयोगी पडते. भारतीय शाळेत गणित चांगले झालेल्याला बीजगणित जड जात नाही. अडखळायला होते ते शाब्दिक उदाहरणांत. फूट-इंच, गॅलन, फॅरनहाइट आणि नाण्यांची उदाहरणे तिथे सर्रास असतात. निकेल पाच सेंटचे, डाइम दहाचे, क्वार्टर पंचवीसचे, हे माहीत नसेल तर सोपे समीकरणही मांडता येत नाही. जुन्या गुणपत्रिकांचे अधिकृत मूल्यमापन आधी करून घेतले, तर कित्येकदा पायाभूत वर्ग टाळताही येतो.

नाव नोंदवण्यापूर्वी

ऑनलाइन पायाभूत गणित निवडण्याआधी काही गोष्टी तपासून घेणे हिताचे असते. आपल्या शाखेला बीजगणितच लागते की संख्याशास्त्र चालते? शालेय गुणांच्या आधारे किंवा तयारी करून पुन्हा चाचणी देऊन वरच्या वर्गात बसता येईल का? सहवर्गाची सोय आहे का? सत्र किती आठवड्यांचे आहे आणि तेवढे तास आपल्याकडे खरोखर आहेत का? शिक्षक थेट भेटण्याचे तास ठेवतात का आणि शंकेचे उत्तर किती वेळात देतात? मोफत शिकवणी केंद्र ऑनलाइन उपलब्ध आहे का? आज्ञावलीचा खर्च किती, आणि परीक्षा घरून की केंद्रात? दंड न लागता वर्ग बदलण्याची किंवा सोडण्याची शेवटची तारीख कोणती?

ठरलेल्या वेळी स्वतः अभ्यासाला बसू शकणारा, मध्ये खंड पडला तरी एके काळी गणित शिकलेला, आणि अडल्यावर विचारायला न कचरणारा विद्यार्थी ऑनलाइन वर्गात चांगले यश मिळवू शकतो. ज्याचा पायाच कच्चा आहे, त्याच्यासाठी प्रत्यक्ष वर्ग किंवा निदान थेट तास असलेला वर्ग अधिक सुरक्षित. आणि ज्याला परिस्थितीमुळे ऑनलाइनशिवाय मार्ग नाही, त्याच्यासाठी कॉलेजने माणसांची मदत वाढवायला हवी. कारण ऑनलाइन वर्ग अंतराची आणि वेळेची अडचण दूर करतो, पण विद्यार्थ्याला वर्गात टिकवून ठेवण्याचे काम शेवटी शिक्षक, मार्गदर्शक आणि सहाध्यायी यांनाच करावे लागते.